आज्याच्या पुस्तकातली एक ओळ

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

परवा तू सेलूला परत गेल्यावर तुझ्या फाईलीच्या झेरॉक्स मी पुन्हा काढून बसलो. ७१ च्या लढाईत लढलेल्या आज्याला पदक मिळावं म्हणून तू फौजेकडं केलेला चार पानी अर्ज. त्यात आज्याचं शौर्य आहे, मातृभूमी आहे, आजीनं एकटीनं वावर कसं सांभाळलं तेही आहे. नाही ते एवढंच की आज्याला कोणत्या तारखेला, कुठं, कशानं लागलं आणि कागदात त्याबद्दल काय चुकीचं लिहिलंय. शेवटी मागणी काय, तर ‘वीरचक्र किंवा जखमेचं पदक, जे योग्य वाटेल ते’. लेका, भाजीच्या गाड्यावर उभा होतास का?

मग उत्तर आलं की अभिलेखात लढाईतली जखम नमूद नाही, सबब दावा ग्राह्य धरता येत नाही. तू चिडलास. मला राग नाही आला. त्या टेबलावरच्या माणसाला लढाई दिसत नसते, शीट रोल दिसतो, म्हणजे सैनिकाच्या नोकरीच्या नोंदींचा कागद. मी २४ वर्षं तोच माणूस होतो.

म्हणून आधी एक गोष्ट डोक्यात घे. पदक मागू नकोस. नोंद दुरुस्त करून माग.

आज्याला लागू होतं ते पराक्रम पदक, ज्याला फौजेत सगळे वूंड मेडलच म्हणतात. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा. नावात पराक्रम असला तरी ते शौर्यपदक नव्हे. शौर्यपदकाची शिफारस त्या वेळी, युनिटमधून, पाहणाऱ्यांच्या जबान्यांसकट वर जावी लागते. नातवानं पन्नास वर्षांनी लिहून ती तयार होत नाही. वूंड मेडलला शूर असल्याचा पुरावा कुणी मागत नाही. जखम शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत झाली, एवढीच अट. तीच गोष्ट तुझ्या चार पानांत कुठंही नाही.

आता डिस्चार्ज बुकातली, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या पुस्तकातली, ती ओळ. तू ती वाचलीस, पण बघितली नाहीस. बोटभर रुंद रकाना, निळी शाई, ‘इंजुरी, लेफ्ट थाय, अ‍ॅक्सिडेंटल’, आणि पुढे तारीख १९ डिसेंबर १९७१. पश्चिम आघाडीवर बंदुका थांबल्या १७ डिसेंबरच्या रात्री आठला. म्हणजे कागदाप्रमाणे तुझ्या आज्याला युद्ध संपल्यावर लागलं. तिथं बसलेल्या क्लर्कनं काय केलं असेल ते मी तुला डोळे मिटून सांगतो. हॉस्पिटलातून यादी आली, त्यावर १९ तारीख. युद्धबंदी होऊन दोन दिवस झालेले, मग गोळा कुठून येणार? लिहिलं, अपघात. त्या माणसानं खोटं लिहिलं नाही. त्यानं विचारलं नाही.

आणि आजा काय म्हणतो? जम्मूकडच्या छांबला, मनावर तवी नदीच्या काठी, मोर्टारचा गोळा, आणि ‘चांदणं पिठासारखं पडलेलं’. तू हे वाक्य अर्जात घातलं नाहीस, कविता वाटली तुला. मी जुनं पंचांग काढलं. त्या साली पुनव होती २ डिसेंबरला, लढाई पेटली ३ तारखेच्या संध्याकाळी. १७ ला अवस. १९ ला आकाशात चांदणं कुठून आणणार? म्हाताऱ्याची आठवण पुस्तकातल्या शाईपेक्षा पक्की निघाली. पण हुरळू नकोस. चांदणं हा पुरावा नव्हे. कोणत्या तारखांचे कागद मागायचे, एवढंच ते सांगतं.

ते कागद आज्याच्याच नावानं, आज्याच्याच सहीनं माग. तुझ्या नावानं माहिती अधिकारात अर्ज टाकशील तर ‘व्यक्तिगत माहिती’ म्हणून परत येईल. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. शीट रोलची प्रत, युनिटच्या ज्या लेखी आदेशावरून, म्हणजे पार्ट टू ऑर्डरवरून, ती नोंद पडली तिची प्रत, आणि पहिल्या मलमपट्टीपासून शेवटच्या हॉस्पिटलपर्यंतचे वैद्यकीय कागद माग. १९ ही जखमेची तारीख आहे की दुसऱ्या हॉस्पिटलात दाखल झाल्याची, हे तिथंच उलगडेल. युनिटची वॉर डायरी, म्हणजे लढाईतल्या रोजच्या घडामोडींची वही, माग, ३ डिसेंबरपासूनची. छांबला आपल्या फौजेला नदीच्या अलीकडं यावं लागलं होतं, आणि माघारीत माणसांच्या आधी कागद हरवतात, तेव्हा एखादा दुवा तुटलेला निघेल. निघू दे. अर्ज मात्र एका पानाचा. नोंद अशी आहे, ती चूक का आहे, दुरुस्त व्हावी. पदकाचा उल्लेख शेवटच्या ओळीत, तोही ‘त्यानुसार’ या शब्दानं. परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे पाठव, आवक क्रमांक घे.

एक्स-रेचं तू विचारलंस. काढ जरूर. मांडीत लोखंडाचा तुकडा दिसला तर अपघाताची गोष्ट लंगडी होते. पण एक्स-रे लोखंड दाखवतो, तारीख दाखवत नाही. त्या आठवड्यात कुणीतरी घाईत पेन्सिलीनं खरडलेला चतकोर कागद आजच्या दहा सर्टिफिकेटांना भारी पडतो.

आमदाराचं पत्र नको. त्यानं फाईल जाड होते, नोंद बदलत नाही. आणि मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा, म्हणजे फौजींच्या तक्रारींच्या कोर्टाचा, दरवाजा शेवटी. तिथं अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून परवा आलेलं पाकीट फेकू नकोस, त्यावरचा शिक्का जप. तिथंही गेलास तरी भाषा हीच ठेव. कारगिलच्या ब्रिगेडियर देविंदर सिंगांच्या प्रकरणात २०१० मध्ये याच न्यायाधिकरणाच्या दिल्लीच्या मुख्य पीठानं बटालिकच्या लढाईची नोंद दुरुस्त करायला सांगितली होती. नोंद, बाळा. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यालासुद्धा नोंदीच्याच वाटेनं जावं लागलं.

आता ते दोघं माजी सैनिक, जे ‘आम्ही पाहिलं’ म्हणून प्रतिज्ञापत्र करून द्यायला तयार आहेत. ते तुझ्या आज्याच्या युनिटचे नव्हते. छांबला नव्हते. भले लोक आहेत, मदत म्हणून करतायत, हे मलाही कळतं. तरी नाही. आपल्या बीडकडं स्वातंत्र्यसैनिक असल्याच्या खोट्या कागदांचं काय झालं, ते सुप्रीम कोर्टापर्यंत कसं गेलं आणि चौकशी आयोग कसा बसला, हे तुझ्या पिढीनं विसरू नये. खोट्यांच्या पायी खरे म्हातारे कोर्टाच्या ओट्यावर बसले. खऱ्या जखमेला खोटा साक्षीदार जोडलास तर उद्या जखमही खोटी ठरेल. आणि पेपरला चिकटवायला ‘वीरपुत्राची उपेक्षा’ असली बातमी तयार ठेवलीयस, तीही खिशातच ठेव.

एवढा तावातावानं का लिहितोय, ते सांगतो.

७१ ला मी बाविशीचा क्लर्क होतो, दुसऱ्या युनिटात, दुसऱ्या आघाडीवर. एका रात्री कांबळ्याखाली टॉर्च धरून जखमींची यादी केली. एका नावापुढं कारण लिहायचं राहिलं. हिंगोलीकडचा पोरगा होता, खांद्याला लागलेलं. नंबर होता, नाव होतं, कारणाचा रकाना कोरा. म्हटलं सकाळी विचारून भरू. सकाळी गाडी हलली. मी चूक केली का? केली. पण त्या रात्री बोटं आखडलेली, बॅटरी संपत आलेली, आणि वरून साहेब दर दहा मिनिटाला यादी मागतोय. आजच्या कुणी ऑफिसातल्या पंख्याखाली बसून मला शिकवू नये.

तो पुढं घरच्या अडचणीपायी नाव कटवून आला. पेन्शन नाही. १९९४ ला जिंतूरला माझ्या ओट्यावर आला, म्हणाला, “साहेब, तेवढं माझं नीट करा.” मी नुकताच रिटायर झालेलो, बोअरला पाणी लागेना, डोकं गरम. म्हणालो, “अरे, त्या पत्र्याच्या तुकड्याचं काय घेऊन बसलास?” त्यानं चहा घेतला आणि गेला. कप उलटा घालून ठेवला होता बशीत, ते अजून दिसतं.

२००३ ला मला उपरती झाली आणि मीच पत्र लिहिलं. उत्तर आलं की बिनपेन्शनर सैनिकांचे कागद २५ वर्षांनी नियमानुसार नष्ट होतात. त्याचे झाले. त्याच्या मुलाला मी हे सांगितलंच नाही. यादी माझ्या हातची होती, हेही नाही. काय सांगायचं होतं?

म्हणून तुझा आजा “जाऊ दे रे” म्हणतो तेव्हा मला राग येतो, त्याचाही आणि तुझाही. तो पेन्शनर आहे, त्याचे कागद असण्याची आशा आहे. तुला परीक्षेचा अभ्यास आहे, कळतंय मला. आठवड्यातून एक संध्याकाळ काढ. पेन्शनमधला फरक, युद्धजखमेची पेन्शन वगैरे तू जे नेटवर वाचून आलास, ते आत्ता बाजूला ठेव. नोंद सुधारली की तेही बघू, दोन्ही एका अर्जात कोंबू नकोस. जन्मतारखेचंही तेच. १ जून तर आपल्याकडं निम्म्या गावाची असते, पण आधार आणि पुस्तक जुळतंय का एवढं बघून ठेव.

रविवारी ये. डिस्चार्ज बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत आण, लॅमिनेट केलंस तर घरात घेणार नाही. नवा अर्ज मीच लिहितो, तू टाइप कर. आणि येण्याआधी आज्याजवळ बस आणि एक विचारून घे, शौर्याचं नको. त्या रात्री स्ट्रेचर कुणी उचललं, त्यांची नावं आठवतात का, आणि कोणत्या गावचे होते.

तुझा,
जिंतूरचा काका