छाटलेली कण्हेर आणि उपाशी घोडी

प्रश्न (शहादा तालुका): सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली. कुंपणाची कण्हेर छाटून तिथंच टाकलेली होती, काल संध्याकाळी घोडीनं त्यातली थोडी पानं चावली. आज बरी दिसते. तेल पाजू का? खायला काय द्यावं?

उत्तर: भाऊ, तेल मुळीच पाजू नका. घोड्याला उलटी होत नाही, आणि बांबूच्या नाळीनं बळजबरीनं पाजलेलं फुफ्फुसात गेलं तर विषाआधी तेच मारतं. कण्हेरीचं विष हृदयावर जातं, म्हणून घोडी बरी दिसली तरी आज पळवू नका, टांग्यालाही जुंपू नका. जबड्याखालची नाडी मोजा. शांत उभ्या घोडीचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. ठोके चुकत असतील, शेण पातळ झालं किंवा पोट दुखतंय असं वाटलं, तर 1962 या जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. खरं तर ठोके नीट असले तरी डॉक्टरांना एकदा तपासू द्या. विष नुकतंच पोटात गेलं असेल तर ते नाकातून नळी घालून औषधी कोळसा देतात, 400 किलोच्या घोडीला साधारण 400 ते 800 ग्रॅम. चुलीतला कोळसा ते काम करत नाही.

आता मुख्य गोष्ट. हिरवी कण्हेर कडू, पोट भरलेलं घोडं तिला सहसा तोंड लावत नाही. पण छाटलेली पानं वाळून चाऱ्यात मिसळली की घोड्याला वेगळी काढता येत नाहीत, आणि वाळली तरी विष कायम. छाटणी त्याच दिवशी गोळा करून पुरा. जाळू नका, धूरही बाधतो.

घोडीला रोज 6 ते 8 किलो वाळला चारा हवाच. दादर ज्वारीचा स्वच्छ, वाळलेला कडबा उत्तम. तीन-चार वेळा विभागून द्या, रात्रीचा वाटा मोठा ठेवा. उन्हाळ्यात बांधावर घाणेरी, बेशरम, एरंड ही विषारी झुडपंच हिरवी उरतात, त्यामुळे रिकाम्या पोटी चरायला सोडू नका. हिरव्या ज्वारीतही नको. त्यानं मागचे पाय लटपटतात, लघवी ठिबकत राहते. बुरशी लागलेला मका धुऊन-वाळवूनही देऊ नका, तो मेंदू खराब करतो आणि त्यावर औषध नाही.

खतासाठी आणलेली एरंडीची पेंड कुठे ठेवली आहे, तेवढं आजच बघा. खुराकाच्या पोत्याशेजारी असेल तर हलवा. एरंडीचा त्रास दिसायला कधी दिवस-दीड दिवसही लागतो.