वाचकांचे प्रश्न : मोक्ष कोणाचा?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फलकावर निधनवार्ता मी लिहितो. बौद्ध शेजाऱ्यांच्या वडिलांच्या नावामागे ‘कै.’ लावले, तर त्यांनी ते पुसायला सांगितले. मोक्ष, कैवल्य, निर्वाण शेवटी एकच ना?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : नाही. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायचे, इथवर बहुतेकांचे जमते. सुटतो कोण, हे विचारले की वाटा फुटतात. सांख्य म्हणते, पुरुष (शुद्ध जाणीव) प्रकृतीहून (जड सृष्टीहून) वेगळा ओळखला की ‘केवल’ उरतो, म्हणून कैवल्य. अद्वैतात जीव मुळातच ब्रह्म. मिळवायचे काही नाही, अज्ञान तेवढे जायचे. न्यायदर्शनाच्या अपवर्गात, म्हणजे मोक्षात, दुःख नाही, पण सुख आणि जाणीवही नाही. दगड होण्यात कसला मोक्ष, ही टिंगल जुनीच! बौद्ध विचारात सुटणारा आत्माच नाही. निर्वाण म्हणजे विझणे, आणि विझतात ते राग, द्वेष, मोह. म्हणून ‘आत्म्यास शांती लाभो’ तिथे बसत नाही.

आता तुमचा फलक. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, शिवलोकी गेलेले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर घेतलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. त्या घरी कैलास कसा चालेल? तिथे ‘कालकथित’ लिहा, कार्यक्रम ‘पुण्यानुमोदना’चा. ‘महापरिनिर्वाण’ मात्र सरसकट कोणालाही लावू नका. लिंगायत घरी ‘लिंगैक्य’.

तसे पाहिले तर ‘कै.’ आणि ‘वैकुंठवासी’ यांत फार तर सलोकता आली, म्हणजे सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चार मुक्तींतली पहिली, देवाच्या लोकी राहण्याची. ‘स्व.’ तर मोक्ष नव्हेच. पुण्य सरले की स्वर्गातून परत यावे लागते. ‘दिवंगत’ तटस्थ वाटतो, पण त्याचाही मूळ अर्थ स्वर्गी गेलेला असाच. घरच्यांना विचारता आले नाही, तर ‘यांचे निधन झाले’ एवढेच लिहावे.

प्रश्न : केवलज्ञानानंतरही भगवान महावीर 30 वर्षे देहात होते. मग मुक्ती कधीची धरायची?
– एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : देह सुटला तेव्हाची, वयाच्या 72व्या वर्षी. जैन मते कर्मे आठ. त्यांतली ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय आणि अंतराय ही चार घाती, म्हणजे आत्म्याचे गुण झाकणारी; ती गेली की केवलज्ञान (संपूर्ण ज्ञान), म्हणजे तेरावे गुणस्थान. गुणस्थाने म्हणजे आत्म्याच्या उन्नतीच्या चौदा पायऱ्या. वेदनीय, आयु, नाम, गोत्र ही अघाती, म्हणजे ते गुण न झाकणारी, उरतात आणि तोवर देह चालतो. अद्वैतातल्या जीवन्मुक्ताचे, म्हणजे देहात असतानाच मुक्त झालेल्याचे, प्रारब्धही (फळ देऊ लागलेले कर्म) असेच उरते. हात काढला तरी कुंभाराचे चाक थोडा वेळ फिरतेच. गल्लत होते ती केवली (केवलज्ञान झालेला, पण देहात असलेला) आणि सिद्ध (देह सुटून मुक्त झालेला) यांना एक समजल्याने. दोघांच्या मध्ये चौदावे गुणस्थान आहे, आणि त्याचा काळ अ, इ, उ, ऋ, ऌ हे पाच ऱ्हस्व स्वर उच्चारण्याइतकाच.