नावं आठवत नाहीत, माझंही आईसारखंच होणार का?

पत्र: माझं वय ६४. ओळखीच्यांची नावं ऐनवेळी आठवत नाहीत, रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवतात. खोलीत कशाला आले तेच विसरते. आईला पंच्याहत्तरीनंतर अल्झायमर झाला होता. मधुमेहासाठी आठ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. झोप येत नाही तेव्हा सर्दीची गोळी घेते. माझीही सुरुवात झाली का?

ताई, रात्री नाव आठवतं, म्हणजे ते पुसलं गेलेलं नाही. सापडायला वेळ लागतोय. वयानुसार हा वेग मंदावतोच. त्यात विशेषनामं आधी निसटतात, कारण त्यांना अर्थाचा आधार नसतो. माणूस शिक्षक होता हे आठवतं, आडनाव आठवत नाही. कालचं बोलणं कुणी आठवण करून दिल्यावरही अजिबात न आठवणं, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, नेहमीचे हिशेब न जमणं, यातलं काही दिसलं तर मात्र थांबू नका. आईच्या उतारवयातल्या आजारामुळे तुमचा धोका काहीसा वाढतो, पण तो आजार होणारच असं नाही.

मला जास्त खटकली ती सर्दीची गोळी. गुंगी आणणाऱ्या जुन्या प्रकारच्या गोळ्या मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनचं काम अडवतात आणि नवं लक्षात ठेवायला हेच रसायन लागतं. झोपेसाठी ती घेऊ नका. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं, त्याचाही परिणाम स्मरणशक्तीवर होतो. म्हणून बी-१२ आणि थायरॉइड तपासा. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका. कानही तपासून घ्या. हे हमखास राहून जातं, आणि नाव नीट ऐकूच आलं नसेल तर आठवणार कुठून?

नवीन नाव कळलं की लगेच मोठ्याने उच्चारा. मग मिनिटाने, दहा मिनिटांनी आणि रात्री, कुठेही न बघता आठवून पाहा. नुसतं वाचण्यापेक्षा आठवण्याच्या प्रयत्नानेच ते पक्कं होतं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला.

डॉक्टरांकडे सगळ्या गोळ्या घेऊन जा. ते कदाचित ३० गुणांची छोटी चाचणी घेतील. शिक्षणानुसार त्यात फरक पडतो, एका आकड्यावरून घाबरू नका. सोबत तुम्हाला रोज पाहणारं घरातलं कुणीतरी असू द्या. खऱ्या आजारात विसरणं बहुधा आधी इतरांच्याच लक्षात येतं.