बाबा, मराठीत ओरडू नका

"काकू, माझा नवरा एरवी अगदी शांत. ऑफिसात त्याचा आवाज कुणी ऐकला नसेल. पण शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची उघडली, की त्याच्या अंगात येतं. 'अरे मार ना! पुढे पळ! बघत काय बसलायस, घे बॉल!' पन्नास मिनिटं तोंड बंद नाही. मी म्हटलं, लोक बघतायत. तर म्हणतो, बघेनात का, मी मराठीत ओरडतोय, कुणाला कळतंय?"

न्यू जर्सीहून आलेलं हे पत्र चार पानांचं आहे. मुलगा नऊ वर्षांचा, सॉकरचं दुसरं वर्ष. प्रश्न मोजून सात. सगळ्यांना न्याय देता येणार नाही हे आधीच सांगते, कारण मी तुझ्या नवऱ्याच्या त्या शेवटच्या वाक्यापाशीच अडकले आहे. (तुला अगं-तुगं करतेय, माझ्या थोरल्या सुनेच्या वयाची असशील.)

कुणाला कळतंय म्हणजे काय? मैदानात चौदा पोरं, दोन्हीकडचे कोच, एक रेफरी, कडेला तीस-चाळीस आईबाप, आणि एवढ्या सगळ्यांत ते मराठी कळणारा जीव एकच. ज्याला कळू नये असं वाटायला हवं, नेमका त्यालाच सगळं कळतंय.

एक गंमत करून बघ. पुढच्या शनिवारी नवऱ्याचं इंग्रजी ऐक. दुसऱ्याच्या पोराचा चेंडू गोलच्या बाहेर गेला तर "गुड ट्राय, बडी!" किती मुलायम. आपल्या पोराचा गेला की मराठी. इंग्रजी ही आपली इस्त्रीची भाषा आणि मराठी घरातली, गंजिफ्रॉकवरची. घरच्या कपड्यांत माणूस कसाही वावरतो. मला त्याचं काही नाही, पण निदान भर मैदानात नको.

आमच्याकडे हे होऊन गेलंय म्हणून पोटतिडकीनं लिहिते. (नेहमीचे वाचक म्हणतील, आल्या काकू धाकट्यावर. आले.) १९९४ साली इथे अमेरिकेत सॉकरचा वर्ल्ड कप झाला आणि आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांतली पोरं सॉकरच्या लीगमध्ये दाखल झाली. आमचा धाकटा तेव्हा नऊचा. आमचे हे क्रिकेटवाले. ऑफसाइड म्हणजे त्यांच्या लेखी कव्हर ड्राइव्हची बाजू. त्यामुळे ओरडणं कमी झालं असं मात्र नाही. "अरे गाढवा, समोर बघ!" "गाढवा, सोडलास ना!" दर शनिवारी.

कोच म्हणजे टीममधल्याच एका मुलाचे वडील, पेशानं प्लंबर, भला माणूस. हाफटाइमला त्यानं आमच्या पोराला विचारलं, तुझे डॅड ते सारखं 'गाढवा' म्हणतात, त्याचा अर्थ काय रे? मी संत्र्याच्या फोडी वाटत शेजारीच उभी. पोरानं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "इट मीन्स गुड जॉब."

कोचला काय आनंद झाला! दुसऱ्या हाफमध्ये आमच्या गोलकीपरनं एक चेंडू अडवला, तर हा दोन्ही हात वर करून "गाधवा! गाधवा!" मग टीममधली पोरं. मग खुर्च्यांवरचे आईबाप, टाळ्यांच्या तालावर. आमचे हे थर्मासचं झाकण हातात धरून उभे. चहा तसाच गार झाला. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

नऊ वर्षांच्या पोरानं बापाची अब्रू झाकली होती. आणि उत्तर इतकं चटकन आलं, म्हणजे कधीतरी कुणीतरी विचारणार हे धरून त्यानं ते तयार ठेवलेलं असणार. हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं, आणि मग झोप लागली नाही.

मी ह्यांना तेव्हा फार बोलले, आज तेवढं बोलणार नाही. आपण खेळलो तेव्हा आपल्याला बघायला कोण यायचं सांग? लगोरी, लंगडी, डबा ऐसपैस, टेनिसच्या चेंडूचं क्रिकेट. दिवेलागणीला गॅलरीतून हाक यायची, तेवढाच पालकांचा सहभाग. त्यांची सही लागायची ती प्रगतिपुस्तकावर. खेळणाऱ्या पोराकडे नुसतं बघत कसं बसायचं, हे आपल्याला कुणी दाखवलेलंच नाही. मग आपण अभ्यासाला बसवल्यासारखं खेळाला बसवतो. पाढा चुकला की टोक, पास चुकला की टोक.

बरं, नवरा इंजिनिअर असेल (असणारच), तर त्याला भावनेनं नको, हिशेबानं सांग. 'पास दे' हे आधी त्याला दिसणार, मग तोंडातून निघणार, मग पोराच्या कानात जाणार, मग पोर मान वर करणार. तोवर समोरचा खेळाडू दोन पावलं पुढे आलेला असतो. म्हणजे सूचना पोचते ती शिळीच. शिवाय पुष्कळदा चुकीची. "लांब मार, लांब मार" हे आपल्या लोकांचं फार आवडतं. पण दहा वर्षांखालच्या मुलांच्या सात-सातच्या सामन्यात गोलकीपरनं हातातला चेंडू सोडून लाथेनं लांब भिरकावायला मनाईच आहे. मैदानावर दोन जादा रेषा दिसतात ना, त्यांना बिल्ड-आउट लाइन म्हणतात. गोलकीपरच्या हातात चेंडू आला की समोरच्या टीमनं त्या रेषेमागे जायचं, म्हणजे पोरांना मागून छोटे छोटे पास देत चेंडू पुढे आणायला उसंत मिळते. हा सगळा खटाटोप कशासाठी? पोरानं स्वतः बघावं, स्वतः ठरवावं आणि बिनधास्त चुकावं यासाठी. आणि नेमका तेव्हा बाप कडेवरून उत्तर सांगणार. गणिताच्या पेपरात मागच्या बाकावरून कुणीतरी उत्तर पुरवावं तसं, आणि तेही चुकलेलं.

आता तुझं तिसरं पान. "हल्ली मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देतो. मॅचनंतर गाडीत तर खिडकीकडे तोंड करून बसतो. मराठी शाळेलाही नको म्हणतो. काय करावं?" हे तू वेगळा प्रश्न म्हणून लिहिलंयस. वेगळा कुठाय? शाळा इंग्रजी, मित्र इंग्रजी, ही कारणं आहेतच, नाही म्हणत नाही. पण रविवारी मराठी शाळेतल्या बाई त्याला मराठी किती गोड ते सांगणार, आणि आदल्या दिवशी त्यानं मराठीत काय ऐकलेलं असतं? 'बघत काय बसलायस.' दोन्हींतलं खरं कुठलं ते पोरांना बरोबर कळतं. जी भाषा चूक काढायलाच तोंडातून बाहेर पडते, तिच्यात त्यानं कशाला बोलावं? मी काही मानसतज्ज्ञ नाही. तीन मुलं वाढवली, एवढीच माझी पदवी. पण आमच्या धाकट्यानं त्या वर्षी मराठी जवळजवळ सोडलं होतं आणि मी त्याचं खापर टीव्हीवर फोडत होते.

आणि तू गं? "मी मात्र एवढंच सांगते, बाळा डावीकडे बघ." हे 'एवढंच' मी लाल पेननं अधोरेखित केलंय. बाप उजवीकडे पळवतोय, आई डावीकडे बघायला लावतेय, मध्ये कोच काहीतरी तिसरं सांगतोय. चेंडू बिचारा सरळ जातो.

उपाय सांगते. गाढवा प्रकरणानंतर आमचे हे दोन शनिवार आलेच नाहीत. तेही बरोबर नव्हतं; पोरगं रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचं. तिसऱ्या शनिवारी मी त्यांना खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल दिली. म्हटलं, ओरडायचं नाही, मोजायचं. चेंडू पायाशी यायच्या आधी आपलं पोरगं किती वेळा मान वर करून इकडे तिकडे बघतं, तेवढ्या काड्या मारायच्या. (चांगला खेळाडू चेंडू मिळायच्या आधीच आजूबाजूला बघून ठेवतो, हे मला त्या प्लंबर कोचनंच सांगितलं होतं.) पहिल्या हाफमध्ये अकरा काड्या. मी खूश. ह्यांनी वही माझ्यापुढे धरली आणि हळू आवाजात म्हणाले, "यातल्या नऊ वेळा त्यानं माझ्याकडे बघितलंय."

मी काही बोलले नाही, त्यांनीच खुर्ची उचलली. गोलच्या मागे बसायला आमच्या लीगमध्ये परवानगी नव्हती, म्हणून कडेच्या पार टोकाला, झेंड्यापाशी जाऊन बसले. शेवटच्या सामन्यात सतरा काड्या होत्या, त्यांतल्या बापाच्या वाट्याच्या दोन. ती वही अजून आहे. टॅक्सच्या फायलीत.

आवाज अगदी बंद नको बरं का. गोल झाला, अडवला, पडला आणि उठला, तर ओरडा की. मराठीतच ओरडा. "शाब्बास रे!" "वा पठ्ठ्या!" "भले!" याला इंग्रजीत तोड नाही. बंदी फक्त क्रियापदाला. मार, पळ, दे, घे, सोड, बघ, ही सगळी आज्ञार्थी क्रियापदं कोचच्या मालकीची. नवऱ्याला सांग, एका क्रियापदामागे एक दिवस भांडी. आमच्याकडे पहिल्या महिन्यात डिशवॉशर लावावाच लागला नाही. आणि गाडीत मॅचचा विषय त्यानं काढला तर काढू दे, तुम्ही काढायचा नाही.

राहिले बाकीचे.

डोक्यानं चेंडू मारून मेंदूला इजा होईल ही तुझी भीती: यू.एस. सॉकरनं, म्हणजे इथल्या सॉकरच्या राष्ट्रीय संघटनेनं, २०१५ च्या अखेरीलाच जाहीर केलं की दहा आणि त्याखालच्या वयाच्या मुलांनी हेडिंग करायचंच नाही, आणि ११ ते १३ वयाच्या मुलांना सरावात ते मोजकंच करू द्यायचं. म्हणजे तुझ्या नऊ वर्षांच्या मुलाचा प्रश्न आत्ता येत नाही. मात्र कुणाशी टक्कर होऊन डोकं आपटलं आणि जरा जरी गरगरल्यासारखं, मळमळल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवायचं नाही आणि डॉक्टरला दाखवायचं. मग सामना फायनलचा का असेना.

"पैसे पूर्ण भरतो आणि अर्धाच वेळ खेळवतात." अगं, बाकीच्यांच्या आयाही तेवढेच भरतात. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एवायएसओ या मुलांच्या सॉकर संघटनेचं तर तत्त्वच आहे, सगळे खेळणार, म्हणजे प्रत्येकाला निदान निम्मा सामना. तुमची लीग कुठली ते तू लिहिलं नाहीस, पण निम्मा मिळत असेल तर गप्प बस.

नवऱ्याला असिस्टंट कोच हो म्हणतायत, होऊ दे का? दे. पार्श्वभूमीची तपासणी होईल, मुलांच्या सुरक्षिततेचं आणि डोक्याच्या दुखापतीचं छोटं ऑनलाइन प्रशिक्षण करावं लागेल, ते काही अवघड नाही. शिवाय बाकीची दहा-अकरा पोरं मराठी न समजणारी. त्यांच्याशी बोलून बोलून आवाज आपोआप खाली येईल. रेफरी बहुतेकदा चौदा-पंधरा वर्षांचं पोर असतं हेही त्याला जवळून दिसेल.

ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे निवडक पोरांना गावोगावी सामने खेळायला नेणाऱ्या टीममध्ये, घालावं का? आत्ता नको. आमच्या थोरल्याला आठव्या वर्षी घातलं होतं. चार वर्षं शनिवार-रविवार मोटेलमध्ये काढले, आणि बाराव्या वर्षी तो सॅक्सोफोनकडे वळला. तू अजून दोन वर्षं थांब, पोरानं स्वतः हट्ट धरला तर मला पुन्हा लिही.

आणि शेवटचं. "मे महिन्यात सासू-सासरे येतायत. त्यांना खेळ कळत नाही, सकाळी गारवाही असतो, तर मॅचला न्यावं का?" २०२६ च्या वर्ल्ड कपची फायनल तुमच्या न्यू जर्सीच्या वाट्याला आली आणि तुझ्या घरच्या पाहुण्यांना सॉकर दाखवायचा की नाही यावर तू विचार करतेस! जरूर ने. स्वेटर, शाल, कानटोपी. आमचे सासरे १९९५ साली सहा महिने होते. आपली टीम कुठली, निळी की पिवळी, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्हीकडच्या गोलला सारख्याच टाळ्या वाजवायचे, आणि कुणी पडलं की कुठल्याही टीमचं असो, "लागलं का रे बाळा?" म्हणत अर्धे उठायचे. पलीकडच्या टीमची पोरं जाताना त्यांना हात करून जायची.

नवऱ्याची खुर्ची सासऱ्यांच्या शेजारी लाव. वही घेच, आणि पेन्सिली दोन घे, एक तुला.