पाचवीच्या ३० मुलांना भातलावणीला न्यायचं आहे, तयारी काय करावी?

जुलैत, रोपं २१ ते २५ दिवसांची झाली की न्या. अर्धा गुंठा खाचर पुरे. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ५५ चूड (एका जागी लावायच्या रोपांची जुडी) येतात. दर १५ सेंमीला गाठ मारलेली दोरी ताणा, ओळ झाली की २० सेंमी मागे सरकवा. एका चुडात २-३ रोपं. मुलं हमखास रोप खोल खुपसतात, मग फुटवे (बुंध्यातून निघणारे नवे कोंब) कमी येतात; 'एक पेरभरच' हे आधी करून दाखवा.

पायाला जखम असेल त्याला चिखलात उतरवूच नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित चिखल-पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) धोका खरा आहे. त्याला बांधावरून दोरी सांभाळू द्या. डब्याआधी सगळ्यांचे हातपाय साबणाने धुवा.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीला हीच मुलं परत न्या. एकाच फेरीत त्यांना फक्त चिखल दिसतो, पीक नाही.