जिल्ह्याचा आकडा आणि आपली गल्ली

गरिबी, पाणी, रेशन, शौचालय यांवर वस्तीनं स्वतः नजर कशी ठेवावी, याविषयी ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सहा या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (कळवा): जिल्ह्यातली गरिबी घटली असं वाचायला मिळतं. आमच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत मात्र सकाळी शौचालयापुढे रांग असते ती असतेच. मग आकडा खोटा की आमचे डोळे?

उत्तर: दोन्ही खरे असू शकतात. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन बाजूंनी, 12 निकषांवर घराकडे पाहतो. तिन्ही बाजूंना सारखं वजन, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. राहणीमानात सात निकष येतात: स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, घरातल्या वस्तू आणि बँक खातं. म्हणजे त्यातल्या एकेकाच्या वाट्याला एक एकविसांश वजन, पाच टक्क्यांहूनही कमी. घर गरीब ठरायला एकूण वंचितता साधारण 33 टक्क्यांपर्यंत जावी लागते.

आता तुमच्या वस्तीतलं एक घर घ्या. शौचालय सामायिक, म्हणजे 4.8 टक्के. आठवीच्या आतलं एक मूल शाळेत जात नाही, म्हणजे आणखी 16.7. बेरीज 21 टक्क्यांच्या आसपास, म्हणून हे घर यादीत गरीब नाही. घरात कुणी कुपोषित निघालं तर आणखी 16.7 मिळतात आणि तेव्हा कुठे ते गरीब ठरतं. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहत असली, पण भिंत विटांची, छप्पर पत्र्याचं आणि जमिनीवर लादी असली, तर घराच्या निकषावर ते कुटुंब पास होतं. दाटी त्यात मोजलीच जात नाही. निर्देशांक वाईट नाही, पण तो शहरी वस्तीच्या मापाचा शिवलेला नाही.

त्यातून त्याची माहिती येते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून, आणि ती पाहणी जिल्ह्याच्या खाली उतरत नाही. घोडबंदर रोडचे टॉवर आणि तुमची वस्ती एकाच सरासरीत बसतात. तुलना करताना आणखी एक खड्डा आहे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला, पण 2015-16 च्या पाहणीत जिल्हे 2011 च्या जनगणनेप्रमाणे धरले होते. त्यातलं ‘ठाणे’ म्हणजे जव्हार-मोखाड्यासकट जुना जिल्हा. 2019-21 च्या पाहणीत पालघर वेगळा आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘ठाण्यात कुपोषण इतकं घटलं’ असं कुणी म्हणत असेल, तर ते मान्य करू नका.

प्रश्न (दिघा): बचत गटाच्या आम्ही नऊ जणी आहोत. वस्ती 1,200 घरांची. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं आमच्याच्यानं कशी मोजून होणार?

उत्तर: 17 मोजूच नका. चार घ्या आणि ती नेमानं मोजा. निवडताना तीन गोष्टी पाहा: डोळ्यांनी तपासता येते का, तिला सरकारी मापदंड आहे का, आणि उत्तर द्यायला बांधलेला अधिकारी कोण. पाणी, शौचालय, रेशन आणि शाळेत न जाणारी मुलं या चारही गोष्टींना हे तिन्ही लागू पडतं. ‘तुमचं उत्पन्न किती?’ या प्रश्नाचं खरं उत्तर दारात उभं राहून मिळत नाही, तो गाळा.

शौचालयाचं उदाहरण घ्या. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक शौचालयासाठी 35 पुरुषांमागे एक सीट आणि 25 स्त्रियांमागे एक सीट असं प्रमाण आहे. बांधलेल्या सीट नव्हे, चालू सीट मोजा. कडी लागते का, आत पाणी आहे का, दिवा लागतो का, आणि रात्री दहानंतरही उघडी असते का. चारांपैकी एक जरी नसेल तरी बाईच्या दृष्टीनं ती सीट बंदच. कागदावर 20 असलेल्या सीट या चाळणीतून किती उरतात, तोच तुमचा पहिला आकडा.

घरोघरची पाहणी सगळ्या 1,200 घरांची नको, 120 पुरतात. आधी प्रत्येक दारावर खडूनं क्रमांक घाला. घर म्हणजे खोली नाही, घर म्हणजे एक चूल. पोटमाळ्यावरचे भाडोत्री वेगळं शिजवत असतील तर त्यांना वेगळा क्रमांक. सगळ्यांत जास्त हीच घरं सुटतात, आणि बहुधा सगळ्यांत नडलेली तीच असतात. मग 1 ते 10 च्या चिठ्ठ्या टाका. 7 निघाली तर 7, 17, 27 असं दर दहावं घर. दार बंद असेल तर शेजारचं घर घेऊ नका. दिवसा घरी सापडतात ते थोडे बरे असलेले. नाक्यावर जाणारे आणि धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया रात्री आठनंतर किंवा रविवारी भेटतात. तीन फेऱ्या करा, मगच ‘बंद’ लिहा.

आठ जणींच्या चार जोड्या, रोज संध्याकाळी जोडीमागे सहा घरं, म्हणजे पाच दिवसांत 120. नववीनं फक्त तपासायचं: रोजचे फॉर्म त्याच रात्री पाहायचे आणि 12 घरांत स्वतः जाऊन दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारायचे. फॉर्म एका पानाचा, 15 प्रश्नांच्या आत. आधी नमुन्याबाहेरच्या दहा घरांत तो वापरून बघा; निम्मे प्रश्न तिथेच बदलावे लागतील.

120 घरांचा आकडा साधारण 9 टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. म्हणून 50 टक्क्यांवरून 46 टक्के झाले तर ‘सुधारणा’ म्हणू नका. आणि मे महिन्याची तुलना मेशीच करा. ऑगस्टशी केलीत तर पावसानं दिलेल्या पाण्याचं श्रेय भलत्यालाच जाईल.

काम सुरू करण्याआधी एक शोध घ्या: वस्तीची जमीन कुणाची आणि पाइप कुणाचा. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या पट्ट्यात एमआयडीसीच्या जमिनीवरच्या वस्त्या आहेत. हे ठाऊक नसेल तर प्रत्येक अर्ज ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत येतो.

प्रश्न (वागळे इस्टेट): आमच्या सामायिक नळाला पाणी कमी येतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण किती कमी, ते दाखवायचं कसं?

उत्तर: एक बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. बादलीवरच्या ‘20 लिटर’वर जाऊ नका. लिटरच्या बाटलीनं 20 वेळा पाणी ओता आणि जिथवर येईल तिथे ऑइलपेंटची रेघ मारा.

पाणी आल्याबरोबर, मध्ये आणि जाण्याच्या पाच मिनिटं आधी, असं तीन वेळा मोजा. समजा 40, 50 आणि 100 सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला 30, 24 आणि 12 लिटर, सरासरी 22. नळ 45 मिनिटं चालला तर 990 लिटर. त्यावर 12 घरं, 60 माणसं, म्हणजे माणशी साडेसोळा लिटर. मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरासाठी केंद्राचा मापदंड माणशी रोज 135 लिटरचा आहे. हे दोन आकडे एका ओळीत लिहिले की वेगळं भाषण करावं लागत नाही.

नेहमीची चूक इथे होते: सेकंदांची सरासरी काढतात. वरच्या उदाहरणात तसं केलंत तर 853 लिटर येतात, पालिकेचा अभियंता ती चूक दोन मिनिटांत पकडतो आणि मग तुमचा सगळाच कागद बाजूला पडतो. आधी लिटर काढा, मग सरासरी.

सात दिवस सलग मोजा. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या दिवसाची नोंद वेगळी ठेवा. शेजारच्या गल्लीत कुणी लाइनला थेट मोटर लावत असेल तर तीही वेळ टिपा, कारण उत्तरात पहिलं कारण तेच दिलं जातं. ज्या बाईला हंडा भरायला जाऊन-येऊन रांगेसह 30 मिनिटांहून जास्त लागतात, तिची वेळही लिहा. पाण्याच्या मूलभूत सेवेची आंतरराष्ट्रीय मर्यादा तीच आहे.

प्रश्न (तुर्भे): ‘आम्हाला रेशन मिळत नाही’ ही तक्रार घरोघरी आहे. अर्ज कुणाकडे करायचा?

उत्तर: आधी तक्रार चार भागांत फोडा, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. कार्डच नाही, कार्ड आहे पण प्राधान्य यादीत (ज्यांना सवलतीचं धान्य मिळतं त्या कुटुंबांच्या यादीत) नाव नाही, कार्डावर माणसं कमी, किंवा हातात धान्य कमी पडतं. केशरी कार्ड असलं म्हणजे धान्य मिळतंच असं नाही. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये आहे. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यांत गरीब कुटुंबांच्या कार्डाला, कुटुंबामागे 35 किलो.

चौथ्या तक्रारीसाठी 30 कार्डधारक निवडा. कार्डाचा 12 अंकी क्रमांक टाकला की त्या महिन्यात दुकानातल्या अंगठ्याच्या मशिनवर नोंदलेली धान्याची उचल सार्वजनिक संकेतस्थळावर दिसते. ती आणि घरच्या काट्यावरचं वजन शेजारी लिहा. पाच माणसांच्या घरी 25 किलो यायला हवेत. बांधकामावर राबणाऱ्यांचे अंगठे झिजलेले असतात आणि मशिन ते घेत नाही. अशी नावं वेगळी ठेवा, तो दुकानदाराचा दोष नाही. तुमच्या भागात दाद मागायची ती शिधावाटप कार्यालयात. तहसीलदाराकडे जाऊन दिवस घालवू नका. दुकानाची दक्षता समिती अन्न सुरक्षा कायद्यानंच सांगितलेली आहे. तिची शेवटची बैठक कधी झाली, हेही विचारा.

प्रश्न (लोकमान्य नगर): माहिती अधिकारात विचारलं, तर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. आता?

उत्तर: प्रश्न बदला. ‘वस्तीत पाणी कमी का येतं?’ ही माहितीची मागणी नाही, तो जाब आहे. अधिकाऱ्याला कारण शोधून द्यायची सक्ती नाही, असलेला कागद द्यायची आहे. म्हणून कागदाचं नाव घ्या: ‘अमुक शौचालयाच्या देखभालीच्या कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, आणि 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या काळातल्या देयकांच्या प्रती.’ वही कुठली ते माहीत नसेल तर अभिलेख पाहण्याची मागणी करा. पहिल्या तासाला शुल्क नाही, आणि त्या तासात कुठल्या नोंदवह्या असतात हे कळतं. पुढच्या अर्जासाठी ही सगळ्यांत मोलाची माहिती.

महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. पाणी आणि शौचालय एकत्र लिहिलंत तर अर्ज तिथेच अडकतो. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तराला 30 दिवस. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत दुसरं. मुदत चुकते ती तारखेच्या गोंधळातून. म्हणून टपालाचा लिफाफा फेकू नका, आणि हाती दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या. आपण लोकांना नाव-गाव विचारून केलेल्या नोंदी मात्र अर्जाला जोडायच्या नाहीत. कार्यालयाला संख्या द्या, घरांची नावं गटाच्या कुलपात ठेवा.

प्रश्न (मुंब्रा): मुलांचं कुपोषणही आम्हीच मोजावं का?

उत्तर: एकट्यानं नको, अंगणवाडी सेविकेला सोबत घेऊन मोजा. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मध्य काढून रंगीत पट्टी लावतात. 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, 12.5 पर्यंत पिवळा. पट्टी आवळली तर खोटं कुपोषण दिसतं, सैल ठेवली तर खरं लपतं. म्हणून एकाच दंडावर दोघींनी मोजून आकडे जुळवायचे. लाल निघालेलं मूल, किंवा दोन्ही पावलांवर सूज असलेलं मूल, पाहणी पूर्ण व्हायची वाट न पाहता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं. फॉर्म नंतर भरता येतो.