स्टॅव्हँगरला येण्याआधी: अमोल यांच्या प्रश्नांना उत्तर

नमस्कार अमोल,

मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर प्रॉडक्शनमध्ये काही वर्षं काढल्यावर तुम्हाला नॉर्वेतल्या स्टॅव्हँगरहून तेल प्लॅटफॉर्मच्या कंट्रोल रूमच्या नोकरीची विचारणा झाली आहे. इथलं तंत्रज्ञान आपल्यापेक्षा किती पुढे आहे, सुरक्षिततेचं जे ऐकतो ते खरं आहे का, आणि आपल्यासारखा माणूस शिफ्ट लीडर होऊ शकतो का, असे तुमचे तीन प्रश्न. मीही जुहूहून हेलिकॉप्टर पकडून चौदा दिवस आत, चौदा दिवस घरी असंच आयुष्य काढून इकडे आलो, त्यामुळे सगळी पार्श्वभूमी समजावत बसत नाही.

तंत्रज्ञानाचं आधी उरकतो. पॅनेलवर बसलात की पहिल्या दिवशी फारसं नवं वाटणार नाही. सेपरेटर तोच, कॉम्प्रेसर तोच, डीसीएस (प्लँट चालवणारी संगणक यंत्रणा) ज्या दोन-चार कंपन्यांचे तुम्ही वापरले त्यांचेच. नवं आहे ते माणसं कुठे बसतात त्यात. वालेमोन हा प्लॅटफॉर्म २०१७ पासून किनाऱ्यावरच्या बर्गनमधल्या कंट्रोल रूममधून चालतो, आणि इव्हार ऑसेन २०१९ पासून त्रोनहाइममधून. योहान स्वेरद्रुपला, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या त्या प्रचंड क्षेत्राला, वीज किनाऱ्यावरून केबलने जाते. तेव्हा तुमची नोकरी समुद्रावर असेल की शहरातल्या ऑफिसात, हे ऑफर लेटरमध्ये नीट वाचा. समुद्रावरची असेल तर दोन आठवडे काम आणि चार आठवडे सुट्टी. ऑफिसातली असेल तर ती मोठी सुट्टीही नाही आणि ऑफशोअरचा भत्ताही नाही. बरेच जण हे इथे पोचल्यावर विचारतात.

दूरवरच्या कंट्रोल रूमबद्दल माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. पंपाचा आवाज बदलला, डेकवर गॅसचा वास आला, हे स्क्रीनवर येत नाही. स्क्रीनवर येतात ते अलार्म, आणि अलार्म जास्त झाले की त्यांचा उपयोग संपतो. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत जुलै १९९४ मध्ये स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. माणूस मेला नाही हे नशीब. त्यानंतर अलार्मची छाटणी हा या धंद्यात स्वतंत्र विषय झाला. इथे तुम्हाला त्या कामात ओढतील. आपल्याकडे सतत वाजणारा अलार्म इनहिबिट करून, म्हणजे तात्पुरता बंद ठेवून, वहीत नोंद करायची आणि पुढच्या शिफ्टला ‘बघून घ्या’ म्हणायचं, ही सवय तुम्हाला असेलच. इथे प्रत्येक इनहिबिटला कारण, मुदत आणि त्या काळात दुसरा बंदोबस्त काय, हे लिहावं लागतं. सुरुवातीला हे कारकुनी काम वाटेल. मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन रिगवर मात्र जनरल अलार्म आपोआप वाजू नये म्हणून दाबून ठेवला होता, खोट्या अलार्मनं लोकांची झोपमोड नको म्हणून, अशी साक्ष तिथल्या एका टेक्निशियननं चौकशीत दिली. २० एप्रिल २०१० च्या त्या रात्रीच्या स्फोटात ११ माणसं गेली.

आता दुसरा प्रश्न. सुरक्षितता खरी आहे का? हो, पण ती यंत्रांतून आलेली नाही. इथे हाताखालचा माणूस तुम्हाला थांबवू शकतो, सगळ्याचं मूळ तिथे आहे.

नॉर्वेच्या कामगार कायद्यानुसार (आधी १९७७ चा, आता २००५ चा) कामगार आपल्यातून एक सुरक्षा प्रतिनिधी निवडतात, त्याला ‘व्हेर्नेओम्बूड’ म्हणतात. जिवाला तातडीचा धोका आहे असं त्याला वाटलं आणि दुसरा मार्ग नसला, तर तो काम बंद करू शकतो. बंद केल्यामुळे कंपनीचं नुकसान झालं तर भरपाई त्याच्याकडून मागता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. आपल्याकडेही ‘स्टॉप वर्क’चे बोर्ड गँगवेवर लागलेले असतात. पण कॉन्ट्रॅक्टरच्या हेल्परनं ते वापरलं तर पुढच्या हिचला, म्हणजे समुद्रावरच्या पुढच्या पाळीला, तो दिसेल का, याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. शिकाऊ इलेक्ट्रिशियन मुलगी, वय जेमतेम विशीचं. आयसोलेशनच्या (काम चालू असताना वीजपुरवठा तोडून ठेवल्याच्या) टॅगवरचा नंबर आणि परमिटवरचा, म्हणजे कामाच्या लेखी परवान्यावरचा, नंबर जुळत नाही म्हणून तिनं काम थांबवलं. अर्धा दिवस गेला. शेवटी निघालं असं की आयसोलेशन बरोबर होतं, ड्रॉइंगच जुनं होतं. म्हणजे धोका नव्हताच. संध्याकाळच्या बैठकीत प्लॅटफॉर्म मॅनेजरनं तिचे आभार मानले आणि ड्रॉइंग बदलायचं काम लगेच एकाला दिलं. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होतो की हे सगळं दिखाव्याचं असेल. तसं नव्हतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एकानं त्याच पद्धतीनं काम थांबवलं, आणि त्या वेळी खरंच चुकीचा ब्रेकर लॉक केलेला होता.

हे लोक जन्मजात शहाणे म्हणून असं झालेलं नाही. २७ मार्च १९८० ला एकोफिस्क तेलक्षेत्राच्या परिसरात अलेक्झांडर शिलॉन्द हा राहण्यासाठी वापरला जाणारा तरंगता रिग उलटला. त्यावरच्या २१२ पैकी १२३ जण बुडाले. पाच पायांपैकी एक पाय तुटला होता. का तुटला? एका आडव्या नळीवर हायड्रोफोन बसवायला छोटा होल्डर वेल्ड केला होता. तो भार घेणारा भाग नाही म्हणून त्या वेल्डकडे कोणी गांभीर्यानं पाहिलं नाही. तिथून भेग वाढत गेली. भेगेच्या आत रंग सापडला, म्हणजे रिग यार्डातून बाहेर पडण्याआधीच ती तिथे होती. स्टॅव्हँगरजवळ क्वेर्नेविकला तुटलेल्या साखळीचं स्मारक आहे, आलात की जाऊन या. इथल्या जुन्या माणसांपैकी अनेकांच्या ओळखीतलं कोणी ना कोणी त्या रिगवर होतं, म्हणून वेल्डिंगच्या तपासणीवर ते हटून बसतात.

आणि तरीही माणसं मरतात. २९ एप्रिल २०१६ ला गुलफाक्स बी वरून परतणाऱ्या सुपर प्यूमा हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर हवेतच सुटला आणि ते तुरॉय बेटाजवळ कोसळलं. १३ जण गेले. गिअरबॉक्समधल्या एका गिअरला पृष्ठभागाखाली थकव्याची भेग पडली होती, आणि कंपनं मोजणाऱ्या यंत्रणेला ती दिसली नाही. नंतर युरोपच्या नियामकानं त्या जातीच्या हेलिकॉप्टरवरची बंदी उठवली, तरी नॉर्वेनं आणखी कित्येक महिने उठवली नाही, आणि इथल्या सगळ्यात मोठ्या तेल कंपनीनं ते पुन्हा वापरणार नाही असं जाहीर केलं. संघटनांचा दबाव होताच. कागदावर परवानगी असूनही नको म्हणणं, हा निर्णय मला त्यातल्या सगळ्या तंत्रज्ञानापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

वादळाचंही असंच. मे २०२१ मध्ये तौक्ते येणार हे माहीत असताना पी-३०५ बार्ज मुंबई हाय परिसरातच थांबला, नांगर तुटले, १७ मे ला तो बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. तुमच्या ओळखीतलंही कोणी असेल, मी जास्त लिहीत नाही. त्याच्या शेजारी हे ठेवून बघा: ३१ डिसेंबर २०१५ ला टोइंगची दोरी तुटलेला एक रिकामा बार्ज वादळात वाल्हॉल क्षेत्राच्या दिशेनं वाहत निघाला. उत्पादन बंद केलं, माणसं उचलून बाहेर काढली. बार्ज बाजूनं निघून गेला, कशालाही लागला नाही. एवढा खर्च उगीच केला, असं म्हणणारा मला इथे अजून भेटलेला नाही. पण त्याच वादळात आदल्या दिवशी ट्रोल क्षेत्रातल्या कॉसल इनोव्हेटर रिगवर लाटेनं खिडक्या फोडल्या आणि एक माणूस आपल्या मुक्कामाच्या जागीच गेला. तेव्हा नॉर्वे म्हणजे स्वर्ग, असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका.

मुंबई हाय नॉर्थची २७ जुलै २००५ ची आग तर तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलीच असेल. जखमी खानसाम्याला प्लॅटफॉर्मवर चढवायला समुद्र सुरक्षा हे जहाज जवळ आलं, लाटेनं उचललं गेलं, रायझरला, म्हणजे समुद्रतळाकडून वर येणाऱ्या गॅसच्या पाइपला, धडकलं, आणि गॅस पेटला. २२ माणसं गेली. तुम्ही इथे कंट्रोल रूममध्ये बसलात की ५०० मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात येणारं प्रत्येक जहाज तुमच्याकडे परवानगी मागेल, आणि आधी चेकलिस्ट पूर्ण करेल. वारा कोणत्या बाजूचा, जहाज कोणत्या बाजूला लागणार, इंजिन किती चालू, सगळं. आत माणूस जखमी असला तरी हे टळत नाही. त्या वेळी ‘नाही, थांबा’ म्हणण्याचं काम तुमचं असेल, आणि समोरचा कॅप्टन तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असेल.

इथून तिसरा प्रश्न सुरू होतो. शिफ्ट लीडर व्हाल का? होऊ शकता, झालेले आहेत. पण आपल्याकडे लीडर म्हणजे ज्याला सगळं येतं आणि ज्याच्यामुळे प्लँट बंद पडत नाही, असा माणूस. पंप ट्रिप झाला तर पाच मिनिटांत स्टँडबाय चालू करून दाखवणारा. तुम्ही त्यात तरबेज असाल, आणि इथे नेमक्या त्याच सवयीला आवर घालावा लागेल. ब्रिटनच्या समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ च्या रात्री असंच झालं. एक कंडेन्सेट (गॅसमधून निघणारं हलकं द्रव) पंप बंद पडला, दुसरा चालू केला. त्या दुसऱ्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून जागी नुसता फ्लँज, म्हणजे झाकण, लावलेला होता. तो परमिट दिवसपाळीनं भरला होता, पण रात्रपाळीच्या हाती पडला नाही. आगीचे पंप आपोआप सुरू होण्याऐवजी मॅन्युअलवर होते, पाण्यात डायव्हर होते म्हणून. १६७ माणसं गेली. सगळ्यात चटका लावणारा भाग पुढचा: शेजारचे क्लेमोर आणि टार्टन हे प्लॅटफॉर्म पायपर जळत असतानाही त्याच लाइनमध्ये तेल आणि गॅस सोडत राहिले. तिथल्या मॅनेजरांना आग दिसत होती. उत्पादन बंद करण्याचा निर्णय मात्र लांबत गेला. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालात १०६ शिफारशी आल्या आणि ब्रिटनची पद्धतच बदलली. मुलाखतीत हा अपघात निघाला तर व्हॉल्व्हवर थांबू नका, क्लेमोरवर बोला.

मुलाखतीचं निघालंच आहे तर एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या सीव्हीवर ‘इतके लाख तास एलटीआयशिवाय’ असं पहिल्या ओळीत आहे (एलटीआय म्हणजे कामाचा दिवस बुडवणारी इजा). काढून टाका, किंवा खाली न्या. डीपवॉटर होरायझनवर स्फोटाच्या दिवशी वरिष्ठ अधिकारी आले होते, आणि त्या भेटीत सात वर्षं एलटीआय न झाल्याचं कौतुकही होतं. टेक्सास सिटीच्या रिफायनरीत मार्च २००५ मध्ये १५ माणसं गेली, त्यानंतरच्या बेकर समितीनं हेच सांगितलं की बोट कापलं, पाय मुरगळला यांचे आकडे चांगले असले म्हणून स्फोटाचा धोका कमी होत नाही. इथले मुलाखत घेणारे हे कोळून प्यायलेले आहेत. ते तुम्हाला विचारतील: शेवटचं काम तुम्ही कधी थांबवलंत, आणि वरचे काय म्हणाले? याचं खरं उत्तर तयार ठेवा. थांबवलं नसेल तर तसं सांगा. बनवलेली गोष्ट दुसऱ्या प्रश्नातच पकडली जाते.

भाषेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी आधी तेच विचारलं असतं. नियमात लिहिलंय की कामात शक्य तितकी नॉर्वेजियन वापरावी, दुसरी भाषा सुरक्षिततेला बाधा येत नसेल तरच. ऑफिसात इंग्रजीवर निभतं. रात्री तीनला रेडिओवर वाऱ्याच्या आवाजात कोणी बर्गनच्या बोलीत ओरडलं तर निभत नाही, आणि रेडिओवरचं कळलं नाही तर लीडरशिप कुठली. ऑफर स्वीकारलीत तर त्याच दिवसापासून शिकायला लागा. कंपनी वर्ग लावून देते का, कामाच्या वेळेत की बाहेर, हे करारात लिहून घ्या.

माझा सल्ला विचाराल तर या. पण पहिली दोन वर्षं शिफ्ट लीडरचं पद मागू नका, त्याऐवजी सुरक्षा प्रतिनिधीच्या निवडणुकीला उभे राहा. परका माणूस उभा राहिला म्हणून कोणी भुवया उंचावत नाही, आणि प्लॅटफॉर्मचा कोपरान्‌कोपरा, प्रत्येक परमिट, प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर त्या कामातून जसा कळतो तसा दुसऱ्या कशातून कळत नाही. बैठका मात्र लांबतात. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत कॉफी पीत बसायची यांची सवय माझ्या अजून अंगवळणी पडलेली नाही.

जॉइनिंगची तारीख तुमच्या हातात असेल तर एप्रिल मागा. नोव्हेंबरात उतरलात तर अंधार आणि आडवा पाऊस, यात वहिनींचं मन पहिल्याच महिन्यात उडेल. आणि ऑफर लेटर पाठवा, रोटेशनचा आणि ट्रेनिंगच्या खर्चाचा मजकूर मी बघतो.